पित्ताची गोळी

दिसायला लहानखुरी. फिकट पिवळी, लांबट, गुळगुळीत. कागदोपत्री नाव पँटोप्राझोल, पण घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. ‘माझी पित्ताची कुठे गेली?’ एवढं म्हटलं की फ्रिजवरच्या डब्यातून तिची अर्धी रिकामी स्ट्रिप निघते. तिची थोरली बहीण ओमेप्राझोल. ती १९८८ साली स्वीडनमध्ये बाजारात आली आणि तिथून या घराण्याचा जगभर जम बसला.

स्वभाव कडक. सकाळी उठल्यावर आधी मी, मग अर्धा तास काही नाही, अशी तिची अट. डोळे उघडायच्या आत चहा लागणाऱ्या घरात ही अट कशी पाळली जाणार? गोळीपाठोपाठ चहा-खारी होते आणि ‘हिचा काही गुण नाही’ असा ठपका तिच्यावरच येतो. अट मात्र लहरीची नव्हे. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. जेवण आलं की ते सुरू होतात, आणि चालू पंपालाच ती धरू शकते. म्हणून घास पोटात पडायच्या आधी तिला रक्तात पोचायचं असतं.

अंगाने मात्र नाजूक. आम्ल आवरायला निघालेली ही बाई आम्लातच नासते! त्यामुळे ती लेप लावूनच बाहेर पडते. जठरातून तशीच पुढे जाते, आतड्यात लेप उतरवते आणि रक्तातून फिरून मागच्या दाराने जठराच्या भिंतीत शिरते. आजोबांना गिळवत नाही म्हणून कुणी मायेने ती खलबत्त्यात कुटून मधातून चाटवली, तर ती वाटेतच वाया जाते.

सोड्यासारखी फसफस, लगेच ढेकर, लगेच बरं, हे तिच्याकडे नाही. धरलेला पंप ती सोडत नाही, नवे पंप तयार होतील तेव्हाच आम्ल पुन्हा वाढतं. पण सगळे पंप एका दिवसात हाती लागत नाहीत, त्यामुळे तिला रंगात यायला दोन-चार दिवस लागतात.

डॉक्टर तिच्याकडून निदानाचंही काम करून घेतात. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, एवढंच असेल तर आठ आठवडे रोज एक. आराम पडला तर रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं आम्ल वर येत असल्याचा, संशय बळावतो. नाही पडला, किंवा बंद करताच दुखणं परतलं, तर एंडोस्कोपी. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर तिच्यावर विसंबून थांबायचंच नाही. आणि छातीवर दाब येऊन घाम फुटला असताना ‘गॅस असेल’ म्हणत तिला शोधणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा गाठायचं ते हॉस्पिटल.

तिची मर्यादा एकच, पण मोठी. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचं वळं असतं. ते ढिलं पडलं की जठरातलं वर येतं. तिकडे ही फिरकत नाही. वर येणारं येतच राहतं, तिच्यामुळे त्याची धार तेवढी बोथट होते.

खरी गंमत तिच्या मुक्कामात आहे. कधीतरी अँटिबायोटिकच्या जोडीने पाच दिवसांसाठी येते आणि वर्षानुवर्षं राहते. बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर आम्ल काही काळ जास्तच उसळतं आणि माणूस म्हणतो, ‘बघा, हिच्याशिवाय चालत नाही.’ लांबलेल्या मुक्कामात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. ज्याच्या अन्ननलिकेला मोठ्या जखमा असतील त्याला ती खरोखर कायमची लागते. बाकीच्या बहुतेकांनी डॉक्टरांना विचारून तिला हळूहळू निरोप द्यावा.

कामाला ती चोख आहे. पण रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, पोटाचा घेर उतरवणं ही कामं तिने कधीच अंगावर घेतलेली नाहीत. ती ज्याची त्याने करायची.