उघडी कड

आईच्या पलंगाशेजारी ठेवण्यासाठी मी हौसेने प्लायवूडचे स्टूल बनवले. पृष्ठभाग गुळगुळीत केला. कापलेल्या कडा मात्र तशाच सोडल्या. एके पहाटे तिची नडगी त्या कडेला घासली आणि वार्धक्याने कागदासारखी पातळ झालेली त्वचा सोलली गेली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे रक्त लवकर थांबेना. जखम भरण्यास सहा आठवडे लागले. दवाखान्यात सावधगिरी सांगणारा मी स्वतःच्या घरात चुकलो होतो. मग कडा आधी १२० व नंतर २२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने घासल्या, फेविकॉलने सागवानी पट्टी बसवली, कोपरे गोल केले. वाचकहो, आपल्याही फर्निचरच्या कडांवरून एकदा जुना मोजा फिरवून पाहावा. जिथे धागा अडकेल, तिथे उद्या त्वचाही अडकेल.