'नीट' म्हणजे नक्की कुठे?

ठाणे,
रविवार, दुपार

चि. चिऊ,


तुझ्या बाबाने ग्रुपवर टाकलेला फोटो पाहिला. तू तोंड गच्च मिटून बसली आहेस आणि खाली त्याने लिहिलंय, 'आमची लोखंडी परी'. त्याच्यावर चिडू नकोस. मला तार लागली होती तेव्हा हाच मनुष्य मला वर्षभर 'कुंपण' म्हणायचा, आणि आज तुझ्या तारेचे हप्ते भरतोय. मी खूश आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' करतेस आणि फोन ठेवला की सगळं विसरतेस. पत्र बेसिनच्या आरशाशेजारी चिकटवता येतं.

मला तार लागली १९९३ साली, सांगलीत, चौदाव्या वर्षी. डॉक्टर हाताचे अगदी कसबी. दर महिन्याला तार आवळायचे आणि निघताना एकच वाक्य म्हणायचे, 'ब्रश नीट करत जा हं.' मी मान डोलवायची. घरी आई विचारायची, 'नीट घासलेस ना?' मी परत मान डोलवायची. यात खोटं काही नव्हतं. चाळीस वॉटच्या दिव्याखाली, मोरीत उभी राहून, आरशाशिवाय, दिवसातून दोनदा मी माझ्या समजुतीने नीटच घासत होते. दोन वर्षांनी ब्रॅकेट निघाले. दात असे ओळीत आलेले की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि प्रत्येक दातावर एक पांढरी चौकट! भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर कशी दिसते भिंत, तशी. मध्ये मूळचा रंग शाबूत, भोवती खडूसारखा पांढरा पट्टा. त्या चौकटी आता फिकट झाल्यात, पण गेलेल्या नाहीत. एका लग्नात एका बाईंनी मला विचारलं, 'तुम्ही यवतमाळ-चंद्रपूरकडच्या का?' तिकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्याने लहानपणीच दातांवर डाग येतात. मी म्हटलं, नाही हो, मी सांगलीची, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे.

तेव्हापासून 'नीट' या शब्दावर माझा राग आहे. नीट म्हणजे कुठे, हे मला कोणी दाखवलंच नाही. ते तुला दाखवायला हे पत्र.

आधी तुझ्या तोंडात काय केलंय ते समजून घे. ब्रॅकेट चिकटवण्याआधी डॉक्टरांनी दातावर निळसर जेल लावून धुतलं असेल आणि दात वाळवला असेल. तेव्हा आरसा हातात असता तर तिथे दात खडूसारखा दिसला असता. ते जेल म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. त्याने इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला, बारीक खडबडीतपणा येतो आणि त्या खाचांत चिकटद्रव्य घट्ट धरतं. ही युक्ती १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने मांडली. धातूवर रंग टिकावा म्हणून कारखान्यांत हेच आम्ल वापरत, त्यावरून त्याला ती सुचली. त्याआधी दाताला ब्रॅकेट लावायचा तर अख्ख्या दाताभोवती धातूचा पट्टा ठोकून बसवत. तुला तसे पट्टे फार तर मागच्या दाढांना असतील.

डॉक्टरांचं आम्ल अर्ध्या मिनिटाचं काम करून धुतलं जातं. तोंडातल्या जंतूंचं आम्ल दिवसभर चालू असतं. दातावर जो पांढरट, बुळबुळीत थर जमतो त्यातले जंतू साखर आणि पिठूळ खाणं खाऊन आम्ल सोडतात. थराखालचा पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम सुटायला लागतं. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने हे मोजून पाहिलं होतं. गोड पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांत पीएच धाडकन उतरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास घेतो. म्हणजे एक जिलबी खाऊन उठलीस तर एकदा घसरण. पण बाटलीतलं सरबत दुपारभर घोटघोट पीत बसलीस तर पीएच वर येतच नाही. लाळ बिचारी कॅल्शियम परत भरत असते, तिला उसंत मिळाली पाहिजे.

आता माझ्या चौकटी कुठून आल्या ते कळेल. ब्रॅकेटच्या खालचा दात चिकटद्रव्याखाली सुखरूप होता. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधली चिंचोळी पट्टी, तिथे माझा ब्रश कधी पोचलाच नाही. ब्रश तारेवरून सर्रकन घसरायचा, फेस भरपूर व्हायचा, आणि मी समाधानाने चूळ भरायची. ही पट्टी पांढरी व्हायला वर्षं लागत नाहीत. दुर्लक्ष झालं तर महिनाभरातही डाग उमटू शकतो.

तर नीट म्हणजे असं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धर, केस अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर, आणि जागच्या जागी हलकेच थरथरव. मग ब्रॅकेटच्या वरच्या कडेवर ब्रश खाली झुकवून. मग खालच्या कडेवर, ब्रश वर उचलून. मग समोरून ब्रॅकेटवर. दोन-दोन दात घेत पुढे सरक. आतली बाजू आणि दाढांचे माथे विसरू नकोस, तिथे तार नाही म्हणून मुलं ती सोडूनच देतात. चार-पाच मिनिटं जातील. आरसा हवा, दिवा लख्ख हवा, फोन बाहेर हवा. झालं की ब्रॅकेटकडे बघ: धातू चकचकीत दिसला पाहिजे आणि त्याच्या चारही कडा सुट्या दिसल्या पाहिजेत. कड धूसर दिसली तर तिथे अजून थर आहे.

पेस्ट फ्लोराइडवाली घे. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आपल्याकडे बहुतेक १००० पीपीएम. आजी तुला राखुंडी सुचवील. तिला हो म्हण आणि वापरू नकोस. (तिची स्वतःची मिश्री सोडवायला मला अकरा वर्षं लागली, त्यामुळे दातांच्या बाबतीत तिचा सल्ला मी मानत नाही.) रात्री घासल्यावर पेस्ट नुसती थुंकून टाक, पाण्याने खळखळून चुळा भरू नकोस. रात्री लाळ कमी सुटते, तेव्हा दातावर राहिलेलं ते फ्लोराइड कामाला येतं.

ब्रश जिथे शिरत नाही तिथे दुसरं हत्यार. मेडिकलमध्ये इंटरडेंटल ब्रश माग. दिसायला बाटली घासायच्या ब्रशचं पिल्लू. तो तारेखालून, दोन ब्रॅकेटच्या मधे, वरून एकदा आणि खालून एकदा फिरवायचा. माझ्या वेळी सांगलीत तो कोणी पाहिलेला नव्हता. तुझ्याकडे मात्र सबब नाही.

दोऱ्याचं काम किचकट आहे. तार आडवी असल्याने फ्लॉस सरळ दातांच्या फटीत जात नाही. त्यासाठी प्लास्टिकची लवचीक सुई मिळते. तिच्या मोठ्या नेढ्यात दोरा घालायचा, सुई तारेखालून पलीकडे काढायची, मग दोरा फटीत उतरवून दाताच्या अंगाला धरून वर-खाली करायचा. परकरात नाडी कशी ओवतात, सेफ्टी पिन लावून? तेच. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतील आणि तू रडशील. आठवड्याने टीव्ही बघत करशील. रोज एकदा, रात्री.

सुरुवातीला हिरड्यांतून रक्त येईल. तिथेच माझी दुसरी चूक झाली. रक्त दिसलं की मी तो भाग दुखावला म्हणून टाळायची, आणि टाळल्यामुळे थर वाढून अजून रक्त यायचं. बहुतेक वेळा रक्त येतं ते थर साचून हिरडी सुजल्यामुळे, मऊ ब्रशने साफ ठेवली की आठवडाभरात आटोक्यात येतं. नाही आलं तर डॉक्टरांना दाखव. तार गालाला टोचत असेल तर त्यांनी दिलेलं मेण वाटाण्याएवढं घेऊन तिथे दाब. टोचतंय म्हणून त्या बाजूचे दात घासायचे सोडू नकोस.

खाण्याचं तुझ्या आईने सांगितलंच असेल: चिक्की, कडक तिळगूळ, उसाचे करवे, सुपारी, बर्फ बंद. पेरू फोडी करून, कणसाचे दाणे सोलून. पण खरे शत्रू कोणी सांगत नाही. ते आपल्या रोजच्या ताटातच असतात. शेवग्याची शेंग चोखलीस की तिचे दोर तारेला असे गुंडाळतात की चिमट्याने काढावे लागतात. रायवळ आंब्याचंही तेच, तुझ्या आजोळी जूनभर दुसरं काय असतं! रस काढून खा, कोय चोखू नकोस. मेथी, पोह्यांवरची कोथिंबीर, साबुदाण्याची खिचडी... साबुदाणा तर खळीसारखा बसतो. हे बंद कर असं मी म्हणत नाही. आषाढी एकादशीला खिचडी सोड म्हणणारी आत्या मी नाही. खाऊन झाल्यावर उठून जोरात चूळ भर, पाणी दातांमधून फुर्र फुर्र काढ, एवढंच. शाळेत डब्यानंतरही. मैत्रिणी हसतील तर हसू देत. आणि लिंबू सरबत किंवा कोकम प्यायल्यावर लगेच ब्रश नको. आंबटाने इनॅमल थोडं मऊ पडतं, अर्धा तास जाऊ दे.

एक गोष्ट मात्र मला १९९३ साली कोणी दिली असती तर चौकटी आल्याच नसत्या, असं मला वाटतं. रंगाच्या गोळ्या. गोळी चावायची, जिभेने सगळीकडे फिरवायची, चूळ भरायची. जिथे थर राहिलाय तिथे दात लालभडक. मागच्या वर्षी मी स्वतः करून पाहिलं. सेहेचाळिसाव्या वर्षी, तीस वर्षं दातांबाबत जागरूक असल्याच्या ऐटीत, नुकताच 'नीट' ब्रश करून. खालच्या पुढच्या चार दातांची आतली बाजू कुंकू सांडल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की माझा ब्रश कुठे जात नाही. कोणीही सांगून ते कळलं नसतं.

त्या गोळ्यांचं पाकीट या पत्रासोबत पाठवतेय. शनिवारी रात्री, उद्या शाळा नसताना, आधी मनापासून ब्रश कर आणि मग गोळी चाव. आईला हाक मारू नकोस, बाबाला तर मुळीच नको, तो फोटो काढेल. एकटीने आरशात बघ, राहिलेले लाल डाग ब्रशने घालव, आणि ते कोणत्या दातांवर होते ते वहीत लिहून ठेव. पुढच्या शनिवारी पुन्हा. दिवाळीत मी येईन तेव्हा वही बघणार आहे.

आजीला नमस्कार. बाबाला सांग, कुंपण अजून विसरलेले नाही.

तुझी,
आत्या

ता. क. पुढच्या वेळी डॉक्टर रबराचा रंग विचारतील तेव्हा पारदर्शक मागू नकोस. आपल्या घरची एक आमटी, आणि हळदीने ते संध्याकाळपर्यंत पिवळे होतात. जांभळा घे.