पाव लिटर

आमच्या सौंसरात २०२१ च्या एप्रिलपासून ‘ऑक्सिजन’ हा शब्द लोक आवाज खाली करून बोलतात. कोरोनाच्या लाटेत त्या महिन्यात नागपुरात खाट मिळाली तर सिलिंडर मिळत नव्हतं. नाकाला नळी लागली की माणूस हातचा गेला, हे घराघरांत बसलं. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी लेकीला नळीसकट घरी आणलं, तेव्हा दारातल्या बाया गप्पच झाल्या. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “माय वो, एवढुशा जिवालेबी?”

लेक अठ्ठावीस आठवड्यांतच जन्मली, ९८० ग्रॅमची. एकाहत्तर दिवस नागपूरला काचेच्या पेटीत होती. ज्या व्हेंटिलेटरने तिला जगवलं, त्याच्याच दाबाने कोवळी फुप्फुसं दुखावली. कागदावर डॉक्टरांनी ‘बीपीडी’ लिहिलं आणि मला समोर बसवून सांगितलं, “ताई, श्वास ओढण्यातच तिची ताकद संपते. नळी असली की ती ताकद वजनाला लागेल.” पुढचे सात महिने मी या वाक्यावर काढले.

ऑक्सिजनचं मशीन मिळालं लोधीखेड्याच्या एका ओळखीच्या घरून. २०२१ मध्ये ज्यांच्यासाठी घेतलं होतं ते वाचले नाहीत, आणि ते माळ्यावर पडलं होतं. त्या घराने एक रुपया घेतला नाही. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं. आतले झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. पण पडून राहिलं की हे दाणे ओल धरतात. नागपूरच्या मेकॅनिकने मोजलं तर शुद्धता ७८ टक्के. ९० च्या वर हवी. दाणे बदलल्यावर ९३ आली. न मोजता लावलं असतं तर? तो विचार आजही मला झोपू देत नाही.

लेकीला मिनिटाला फक्त पाव लिटर लागत होता. मोठ्यांच्या मशीनवर एवढं बारीक माप नीट दिसत नाही, म्हणून लहान मुलांचा वेगळा फ्लोमीटर जोडला. बोटाला लावायचा मोठ्यांचा ऑक्सिमीटरही चालत नाही, पायाला गुंडाळायचा लागतो. लाईन गेली की इन्व्हर्टरवर तीन तास निघायचे. त्यापुढे कोपऱ्यातलं दीड हजार लिटरचं सिलिंडर; पाव लिटरने ते शंभर तास पुरतं, हा हिशेब मी भिंतीवर लिहून ठेवला होता. देवघरातला दिवा आणि उदबत्ती सासूबाईंनी आपणहून अंगणात तुळशीपाशी नेली. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जवळची ठिणगी भडकवतो, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. तोंडाला तेल लावायचं नाही, हे मात्र रोज.

मार्चमधल्या एका रात्री ऑक्सिमीटरचा आकडा ८८ वर आला. मी घाबरून बटण एक लिटरवर नेलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, “नाक पाहिलं का?” पाहिलं तर शेंबडाने नळीचं एक टोक बंद झालेलं. पुसलं, पाव लिटरवर परत आणलं, पाच मिनिटांत ९५. डॉक्टर रागावले नाहीत, पण शांतपणे म्हणाले, “हे औषध आहे. न विचारता डोस वाढवायचा नाही.” कमी दिवसांच्या बाळांना ऑक्सिजन सढळ हाताने दिल्यामुळे हजारो मुलांची दृष्टी गेली, हे जगाला १९५० च्या दशकात उमगलं. पेटीत असताना माझ्या लेकीचे डोळे पुन्हा पुन्हा का तपासत होते, ते मला त्या रात्री कळलं.

नळी सात मीटरची. लेकीचं जग तेवढंच, आणि माझंही. शेजारपाजारच्या बाया हळूहळू आत येऊ लागल्या. कुणी मी आंघोळ करेपर्यंत आकड्याकडे पाहत बसायची. एकीने विचारलं, “काहून वो, हे जन्मभर लावा लागते का?” तोवर वजन साडेचार किलो झालं होतं. मी तिला वजनाचा कागद दाखवला.

जून संपता संपता दिवसा नळी निघाली. झोपेत आकडा घसरतो म्हणून रात्रीची राहिली. ऑगस्टच्या शेवटी नागपूरला रात्रभर तपासून तीही काढली. गालांवर चिकटपट्टीचे दोन गुलाबी डाग उरले. तान्ह्या पोळ्याला मामंजींनी लाकडी नंदीला दोरी बांधली आणि तिला कडेवर घेऊन चौकापर्यंत गेले. सात मीटरच्या पुढे ती पहिल्यांदाच गेली. दवाखान्याच्या वाऱ्या धरल्या नाहीत मी.

मशीन आमच्याकडे आलं तेव्हा त्याच्या काट्यावर २१२ तास होते. निघालं तेव्हा ४,३९६. आता ते पांढुर्ण्याकडच्या एका घरात, दुसऱ्या बाळाजवळ चालू आहे. तुमच्या माळ्यावर २०२१ चं मशीन असेल तर खाली काढा, शुद्धता मोजून घ्या, आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा की ते तुमच्याकडे आहे.