वीतभर सेंच्युरियन

सेंच्युरियन रणगाडा पस्तीस पटींनी लहान केला की त्याचं धूड जेमतेम वीतभर उरतं. पुढे आलेली तोफ धरली तर आणखी चार बोटं. एवढ्याशा लांबीत काय काय दाखवायचं असतं, हे मला संचातल्या छापील आकृत्यांनी शिकवलं नाही. ते शिकवलं साताऱ्याकडच्या एका निवृत्त मेकॅनिकनं आणि मिरजेच्या एका सतार करणाऱ्या कारागिरानं. दोघांपैकी एकानंही असला प्लास्टिकचा संच कधी जोडलेला नव्हता.

१:३५ या प्रमाणाचीही गंमतच आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, ते मोटरवर चालणारं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं ते केलं, आणि मागाहून मोजलं तर साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं भरलं. मग जगभरच्या कंपन्यांनी तेच माप उचललं.

आबा म्हणजे माझ्या आईचे मामा. ज्या जिल्ह्यात ‘मिलिटरी’ हा शब्द अपशिंगे गावाच्या नावालाच चिकटलाय, तिथं घरात फौजी असण्याचं कुणाला अप्रूप नसतं. पण आबा शेजारपाजारच्यांसारखे मराठा लाइट इन्फंट्रीत गेले नाहीत. ते ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, गाड्यांचे मेकॅनिक होते. रणगाड्याला ते रणगाडा म्हणत नसत, टँकही क्वचितच. ‘गाडी’. एकाहत्तर साली शकरगडच्या बाजूला मोडक्या गाड्या ओढून आणायच्या आणि रातोरात उभ्या करून परत पाठवायच्या, हे त्यांचं युद्ध. परमवीरचक्राच्या गोष्टी आम्ही विचारायचो, ते इंजिनाच्या सांगायचे. सेंच्युरियनचं मिटिओर इंजिन हे विमानाच्या मर्लिन इंजिनाचं भावंड, पन्नास टनांचा गाडा पेट्रोलवर ओढायचं. त्याला लागणारं पेट्रोल आबा अजूनही मनातल्या मनात मोजत असावेत असं वाटायचं.

नगरला १९९४ साली रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं. त्यानंतर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा मला एसटीनं तिथं घेऊन गेले. परमवीरचक्र मिळालेल्या अरुण खेत्रपाल यांची ‘फामागुस्ता’ गाडीही नगरच्याच लष्करी केंद्रात जपली आहे. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत ती पेटली, मागे फिरायचा हुकूम आला, तरी तोफ चालतेय म्हणून एकवीस वर्षांचा तो पोरगा गाडी सोडायला तयार झाला नाही. हे मी आबांना मोठ्या उत्साहानं सांगत होतो. आबा ऐकत होते, पण सेंच्युरियनसमोर पोचल्यावर ते तोफेकडे न बघता थेट उकिडवे बसले आणि ट्रॅकच्या आत डोकावले. गाडी मागच्या दातेरी चाकानं ओढली जाते, दात ट्रॅकला जिथं घासतात तिथं लोखंड चांदीसारखं चकाकतं. माणसं चढताना बूट जिथं ठेवतात तिथला रंग आधी जातो. पेट्रोल भरायच्या झाकणाभोवती कायमचा ओशट डाग. एकेक जागा त्यांनी बोटानं दाखवली. पुढे मॉडेल रंगवताना मला कुठल्याच पुस्तकाची गरज पडली नाही.

संच हातात यायला बरीच वर्षं गेली. मावसभावानं सिंगापूरहून तैवानच्या एएफव्ही क्लबचा सेंच्युरियन आणला. ट्रॅक मी वेगळा मागवला, सुट्या दुव्यांचा. एका बाजूला शंभराच्या वर दुवे, प्रत्येकाला चौकटीतून कापल्याची खूण, प्रत्येक खूण घासून काढायची. इथं मिरजेचे चाचा कामाला आले.

आमच्या सांगलीच्या घरातला आत्याचा तंबोरा जवारी काढायला त्यांच्याकडे जायचा. मिरजेतल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झालं तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. माझा छोटा रणगाडा चाचांना दाखवला तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे तुम्ही उलटे निघालात!” घोडीवर कानस फिरवताना ते एक हात मारत, थांबत, तार छेडून ऐकत, मग दुसरा हात. घासलेलं परत चिकटत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तोफेच्या नळीवरची शिवण काढायची कशी, हेही त्यांनीच दाखवलं. वॉटर पेपर ओला करायचा, नळीभोवती गुंडाळायचा आणि नळी फिरवत राहायची. लांबीनं घासली की गोल नळी एका अंगानं चपटी होते, आणि चपटी तोफ लपत नाही. त्यांनी दिलेली झिजकी बारीक कानस अजून माझ्या डब्यात आहे. पैसे घेतले नाहीत.

रंगाचा कोट सुकल्यावर मॉडेल साताऱ्याला नेलं. परदेशी मॉडेलकार गंजाचे ओघळ फार हौसेनं काढतात. मीही थोडे काढले होते. आबांनी चष्मा चढवला.

“अरं, गाडी म्हंजे भंगार हाय का? रोज पुसतोय की आम्ही. लढाईतली गाडी गंजत न्हाई, धुळीनं भरती.”

गंज फक्त ट्रॅकगार्डवरच्या सायलेन्सरवर ठेवायचा, बाकीचा पुसायचा, असं ठरलं. धुळीसाठी मी कृष्णाकाठची माती वाळवून, वस्त्रगाळ करून नेली होती. ती त्यांनी चिमटीत घेऊन परत डबीत टाकली. शकरगडची माती इतकी काळी नव्हे म्हणाले. आईच्या मामींनी चुलीतली राख आणून दिली, तीत चिमूटभर पिवळी माती मिसळली, आणि चाकांच्या मधल्या खाचांत ब्रशनं भरताना आबा शेजारी बसून ‘आत, अजून आत’ म्हणत राहिले. बाहेरून दिसणार नाही अशा जागी सुद्धा. स्पर्धेतल्या परीक्षकांपेक्षा हा माणूस मला जास्त जाचक वाटला, आणि त्याचा जाच मी पुढच्या प्रत्येक मॉडेलवर स्वतःहून लावून घेतला.

सगळं झाल्यावर त्यांनी गाडी तळहातावर घेऊन फिरवली, वाकडी करून पोट पाहिलं आणि विचारलं, “बादली कुठाय?”

मागे टांगलेली बादली. चार माणसांच्या आंघोळीची, डाळ भिजवायची, पाना धुवायची, सगळ्याची एकच. ती संचात नव्हती. मलमाच्या ट्यूबचा पत्रा कापून मी ती वळली, कडी तांब्याच्या तारेची केली. आबांना ती जरा नवी वाटली. एक पोचा पाडायला सांगितला.