टाकीच्या दाराशी

ऑस्ट्रेलियातल्या बारोसा व्हॅलीतल्या एका वाइनरीत मी हंगामापुरता कामगार होतो. भारतीय तरुणांसाठी ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा सुरू केला. वर्षाला हजार जागा, निवड सोडतीने. माझा नंबर लागला आणि 2025 च्या द्राक्षहंगामात मी नालासोपाऱ्याहून थेट तिथे जाऊन पोहोचलो.

ज्यांचं ऋण सांगायला बसलोय ते तिथले जुने कामगार. वय साठीपुढचं. 1842 पासून सायलेशियातून येऊन बारोसात वसलेल्या जर्मन लुथरन कुटुंबांतलं त्यांचं घराणं. तिकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारायचो. मनात मात्र ते काकाच.

शिराझ द्राक्षं आंबून झाली की वाइन खालून काढून घेतात. टाकीत सालींचा आणि बियांचा चोथा उरतो, तो फावड्याने उपसायला माणूस आत शिरतो. काम अंगमेहनतीचं, पण जिवावरचं आहे ते हवेमुळे. एक लिटर रस आंबताना 40 लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्याचं प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं की माणसाची काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याला ओढायला धावणाऱ्याचीही तीच गत.

पहिल्या दिवशी मी फावडं घेऊन निघालो तर काकांनी दंडाला धरून थांबवलं. पंखा लावला. मग वायू मोजायचा मीटर दोरीला बांधून आत सोडला, आधी वर, मग मध्ये, मग तळाशी, आणि प्रत्येक आकडा मला वाचायला लावला. त्यांच्या आजोबांच्या काळी म्हणे पेटती मेणबत्ती सोडत. माझे आजोबा निर्मळ गावात विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचे. ज्योत विझली तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. हे सांगितल्यावर काकांनी विहीर किती खोल, दोर कशाचा, सगळं विचारून घेतलं.

मी आत असेपर्यंत ते दारातून हलत नसत. चहाची सुट्टी झाली तरी नाही. मला एकच ताकीद होती, बोलत राहायचं. गुडघाभर कोमट चोथ्यात उभं राहून बोलणार काय? मी लोकलची स्टेशनं म्हणू लागलो. विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव, भाईंदर... चर्चगेट आलं की उलट दिशेने परत. काही दिवसांनी बोरिवलीपर्यंत काकांनाही पाठ झालं. मी दम खायला थांबलो की बाहेरून लगेच "नायगाव?" अशी हाक यायची. मी "भाईंदर" म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

त्या टाकीत मला विरार आठवायचं. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या एका निवासी संकुलात सांडपाण्याच्या टाकीत चार कामगार दगावले होते. गटारं आणि सेप्टिक टँक साफ करायला माणसाला धोक्यात उतरवू नये, असा कायदा 2013 सालीच झाला आहे. परक्या देशातल्या हंगामी पोरासाठी एक म्हातारा माणूस चहा सोडून उभा राहतो, आणि आपल्याकडे टाकीत उतरणाऱ्याच्या पाठीशी असं कुणी क्वचितच असतं. हे मला आजही सहन होत नाही.

परत आल्यावर आमच्या सोसायटीच्या सभेत मी सांडपाण्याच्या टाकीचा विषय काढला. टाकीत माणूस उतरवायचा नाही, सक्शनची गाडीच बोलवायची. खर्चावरून कुरबुर झाली. मग मी काकांची सगळी हकिकत सांगितली, आणि ठराव झाला.

रात्री काकांना फोन केला. त्यांचे प्रश्न सुरू झाले. गाडी केव्हा येणार? पाइप टाकीच्या तळापर्यंत पोहोचेल ना? झाकण उघडं असताना पोरांना लांब कोण ठेवणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गाडी येणार होती त्या दिवसाची मी रजा टाकली.