परतीच्या गाडीतली जागा

धानोऱ्याहून गडचिरोलीला बदली झालेल्या एका नर्सताईंचं बिऱ्हाड ते केवढं! लोखंडी पलंग, पत्र्याची पेटी, सिलिंडर, तांदळाची दोन पोती आणि भांड्यांचं गाठोडं. तेवढ्यासाठी अख्खा छोटा हत्ती सांगायचा, म्हणजे गाडीच्या येण्याजाण्याचं सगळं भाडं त्यांच्याच माथी. आमच्या मालवाहतुकीच्या ॲपमध्ये अशा छोट्या बिऱ्हाडांची सोय करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी चालकांना गाठलं.

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे किराणा, सिमेंट, पत्रे घेऊन गाड्या आत जातात आणि बऱ्याचदा रिकाम्याच परततात. "खाली गाडीले डिझेल लागतेच ना, भाऊ," मूलच्या चहाटपरीवर एक चालक म्हणाला. सगळी सोय मी या परतीवरच बेतली. गाडी आधीच त्या वाटेनं येणार असेल, तर तिच्यातली जागा तेवढी भाड्यानं घ्यायची.

वजन कुणाला सांगता येत नाही, म्हणून पडद्यावर पलंग, पेटी, पोतं, सिलिंडर अशी चित्रं ठेवली. चालकाला तेवढं पुरतं. त्या टपरीवरच्या चालकानं यादी पाहिली आणि हातवारे करत सामान लावूनही दाखवलं: पोती तळाला, पलंग उभा करून बाजूला, पेटी त्याच्या पायाशी, सिलिंडर दोरीनं फाळक्याजवळ. आत इंटरनेट धड चालत नाही, म्हणून अख्खी मागणी एका एसएमएसमध्ये बसवली.

पावसाळ्याचा प्रश्न मोठा. हेमलकशापुढच्या पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडची वाट तुटते. सामान नदीच्या अलीकडेच अडकलं तर ते उतरवायचं कुठे? म्हणून मागणी करतानाच ओळखीचं एक घर किंवा दुकान लिहून घेतो. थांबावं लागलं तर भाडं किती वाढेल, तेही आधीच ठरतं. पाण्यासमोर उभं राहून घासाघीस करायची पाळी कुणावरही येऊ नये, यावर मी अडूनच बसलो.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण येते. मे महिन्यात बदल्या सुरू होतात आणि तेंदूपानाचा हंगामही त्याच सुमाराला असतो. गाड्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे जातात, भाडं चढतं. त्या दिवसांत तारीख दोन-चार दिवस मागेपुढे चालेल का, हे ॲप आधी विचारतं. खरी बचत तिथेच होते.

सागवानी पलंग असेल तर चालक आधी बिलाचं विचारतात, कारण वाटेत वनखात्याचे नाके आहेत. याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा हक्क २०११ साली मिळाला, इतका इथे मालाच्या कागदाला अर्थ आहे. लाकडी सामानाच्या चित्राखाली बिलाचा फोटो जोडायची जागा मी त्यासाठीच ठेवली. चालक आता तो फोटो पाहूनच होकार कळवतात.