कुलर लागते का जी?

घर माझ्या नावावर झालं ते एका टक्क्यासाठी. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. अट एवढीच की खरेदीदारांत पुरुषाचं नाव नको. फ्लॅट ३८ लाखांचा, म्हणजे ३८ हजार वाचणार. आमच्या ह्यांनी आपलं नाव लगेच मागे घेतलं. दुय्यम निबंधकांकडे अंगठा माझा, फोटो माझा. मग भाडेकरूंचे फोनही माझेच, हे ओघानं आलं.

त्याआधी आमचे कितीतरी रविवार वर्धा रोडवर गेले. नागपुरात चार पैसे गाठीला आले की माणूस आधी प्लॉटच बघतो. फ्लॅट म्हणजे हवेतली जागा आणि प्लॉट म्हणजे काळी माती, असं माझे सासरे म्हणायचे, आणि त्यांच्या पिढीपुरतं ते खरंही ठरलं. मिहान प्रकल्पाच्या नावानं शेतं चौरस फुटांत विकली जाऊ लागली तेव्हापासून हा बाजार पुरता थंड असा झालाच नाही. मग मेट्रो आली, एम्स आलं, डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग सुरू झाला. दर वेळी शेत तेच, एजंटच्या हातातला नकाशा तेवढा नवा.

अशाच एका ले-आउटमध्ये आम्ही उभे होतो. मुरुमाचा रस्ता, प्रवेशाला कमान, आत सिमेंटच्या खुंट्या आणि खुंट्यांच्या मधे पऱ्हाटी तशीच उभी. "मॅडम, एनएटीपी आहे. आरएल येऊनच राहिलं," एजंट म्हणाला. कधी, असं विचारल्यावर म्हणाला, "दिवाळीले पक्कं." कागद मागितला तर त्यानं रंगीत ब्रोशर काढून दिलं.

नागपूरकराला आरएल समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरून येऊन इथे पैसे गुंतवणाऱ्यांना लागतं. एनएटीपी म्हणजे बिनशेती आणि नगररचनेची मंजुरी. शहरात १९३६ पासून नागपूर सुधार प्रन्यास आहे आणि शहराभोवतीच्या पट्ट्यासाठी २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए. इथे विनामंजुरी ले-आउटचं पीक इतकं आलं की '५७२' आणि '१९००' ही त्यांच्या याद्यांची नावंच होऊन बसली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं अशी बांधकामं आणि भूखंड नियमित करून घ्यायची वाट निघाली. डिमांड भरायची, मग नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल. ते पत्र हातात नसेल तर घराचा नकाशा अडतो आणि बँकेचा माणूस चहा घेऊन निघून जातो. म्हणून 'येऊन राहिलं' या भावात काही घ्यायचं नाही. आलं असेल तर त्याची प्रत, बिनशेतीचा (एनए) आदेश, मंजूर नकाशा, ताजा सातबारा किंवा आखीव पत्रिका, आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची क-प्रत. खुंटी कोणीही ठोकतं. क-प्रत सरकारी माणूस मोजून देतो.

आम्हाला आवडलेला एक प्लॉट वकिलांनी ३० वर्षांचा सर्च काढला तेव्हा गळाला. तोच क्रमांक एका जुन्या सोसायटीनं कधीच दुसऱ्याला विकलेला होता. बयाण्याची रक्कम अजून पर्समध्येच होती, म्हणून वाचलो. वकिलाची फी ही खर्चातली मोठी रक्कम वाटते, पण आमच्याकडची सगळ्यात स्वस्त पडलेली वस्तू तीच.

आणि कागद चोख असला तरी प्लॉट भाडं देत नाही, उलट राखण मागतो. तारेचं कुंपण, नावाची पाटी, अधूनमधून चक्कर. ज्यांना दहा-पंधरा वर्षं पैसा विसरून जाता येतो त्यांनी जरूर घ्यावा. आमच्या घरी मुलाचं शिक्षण समोर होतं, त्यामुळे महिन्याला काहीतरी येणारं हवं होतं.

शेवटी त्रिमूर्ती नगरातली एक जुनी फ्लॅट स्कीम पसंत पडली. दोन बेडरूम, दुसरा मजला. परसोडीचा आयटी पार्क जवळ, हिंगणा रोडच्या कॉलेजांकडे जायला सोय, मेट्रो हाकेच्या अंतरावर नसली तरी ऑटोच्या अंतरावर. भाडं १२ हजार. आता हिशेब मांडा, कारण तो एजंट मांडत नाही. वर्षात एक महिना घर रिकामं राहतंच, तेव्हा अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंग, प्लंबर असे तीसेक हजार गेले. शुल्क-दलालीसह ४१ लाखांच्या घरात गेलेल्या पैशावर जेमतेम अडीच टक्के सुटतात. बँकेची मुदत ठेव यापेक्षा जास्त देते. हीच जागा कर्जावर घेतली तर २० लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता १७ हजारांच्या वर जातो. भाड्यातून हप्ता फिटतो, ही कथा निदान आमच्या नागपुरात तरी कोणी ऐकू नये. जागेची किंमत वाढेल आणि भाडंही वर्षागणिक चढेल, या दोनच गोष्टींवर घर घ्यायचं. हप्ता आपल्या पगारातून झेपला पाहिजे.

म्हणजे आपल्या ताब्यात काय उरतं? तो रिकामा महिना. त्या एकाचे दोन-तीन झाले की सगळं गणित कोसळतं, आणि भाडेकरू जातो तो बहुतेक उन्हाळ्यात. घर बघायला आलेल्या पहिल्याच बाईंनी किचन पाहिलं नाही, कपाटं पाहिली नाहीत. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, इथं कुलर लागते का जी?"

लागत नव्हता. ग्रिलला जागा नव्हती, पॉइंट दूर होता. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात अशा घरात कोण टिकणार? वेल्डरकडून भिंतीत चार जाड बोल्ट मारून लोखंडी स्टँड बसवून घेतला, खिडकीचं एक पल्लं काढून प्लायचा तुकडा कापला. टाकीवरून एक वेगळी पाइप आणली, कारण बादलीनं कुलर भरणारा भाडेकरू मे महिन्यात घर शोधायला लागतो. खाली ट्रे आणि त्याची नळी. नाहीतर थेंब पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरवर आणि तक्रार आपल्या फोनवर. आणि सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियन: अर्थिंग तपासलं, ईएलसीबी बसवला. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात. पंप बंद करून, प्लग काढूनच पाणी भरायचं, हे मी प्रत्येक भाडेकरूला किल्ली देताना सांगते, आणि मग स्वयंपाकघराच्या दारामागे लिहूनही ठेवते. त्या बाई राहिल्या, पुढचे दोन उन्हाळे काढून बदली झाली तेव्हाच गेल्या.

करारनाम्याबद्दल इथे एक गोड गैरसमज आहे: अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. हल्ली हे घरबसल्या ऑनलाइन होतं, मग नुसत्या स्टँपपेपरवर सही करून कशाला बसायचं? पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायची.

प्राप्तिकराचं फार नाही. भरलेला मालमत्ता कर भाड्यातून वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट. रंगाच्या पावत्या जपायची गरज नाही.

मागच्या वर्षी जाऊबाईंना तळमजल्याचा एक स्वस्त फ्लॅट दाखवला गेला, पश्चिमेकडे, नाल्याच्या बाजूला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा त्या पट्ट्यात लोकांच्या फ्रिज-सोफ्यांसकट घरं बुडाली होती. भिंतीला ताजा रंग होता. मी पायऱ्यांखालच्या मीटरच्या पेटीचं झाकण उघडायला लावलं. आत चिखलाची सुकलेली रेघ. स्वस्त का, ते जाऊबाईंना सांगावं लागलं नाही.

आता भाच्याला शिवमडक्याजवळ, समृद्धी जिथून सुरू होते तिकडे, प्लॉट घ्यायचा आहे. रोज त्या एजंटचे व्हिडिओ मला पाठवायचा. मी म्हटलं, व्हिडिओ राहू दे, आरएलची आणि क-प्रतीची झेरॉक्स माग. त्यानं मागितली. तेव्हापासून एजंटचा फोन नॉट रिचेबल येऊन राहिला.